ठंडी कोठीचा ताटीवाला

प्रताप नगरात मार्च लागला की गोपिकाबाई येते. तिला बोलवावं लागत नाही. फाटकाची कडी न वाजवता ती सरळ मागच्या अंगणात शिरते, कूलरवरचं पोतं ओढून काढते आणि तिथूनच ओरडते, "यमुताई, गेल्या सालचं पानी साचू देलं तुम्ही! हा कूलर हाय का डबकं?" मी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेली बाई. नोकरीत माझ्यावर आवाज चढवायची कोणाची हिंमत झाली नाही, पण हिच्यापुढे मी मुकाट्यानं उभी राहते.

ज्यानं नागपूरचा उन्हाळा काढला नाही त्याला ताटीचं महत्त्व पटणार नाही, तरी सांगते. कूलरच्या तीन बाजूंना जाळीच्या चौकटी असतात, त्यांत वाळा ठासून भरतात. वरून पाणी झिरपत राहतं आणि त्या गार वासाच्या आधारानं माणूस मे महिना पार करतो. ती चौकट म्हणजे ताटी. माझा मुलगा पुष्कर पुण्याहून फोन करून राहिला की आई, एसी घे. नाही घेत, जा! एसीनं माझे गुडघे धरतात. आणि वाळ्याचा वास काय तो कुरिअरनं पाठवणार आहे?

गोपिकाबाईची पंचाहत्तरी कधीच उलटली. अजूनही तोंडात खिळे धरून स्टुलावर चढते आणि खिळे तोंडात असतानाच भांडते. दोन्ही मुलं कळमेश्वरला कंपनीत आहेत, सुना चांगल्या आहेत, घरी बस म्हणतात. ही बसत नाही. "बसली का मी गेली समजा," म्हणते. नवरा लवकर गेला. पोरं तिनं ताट्यांवर वाढवली, जशी तिच्या आईनं तिला वाढवली होती. आणि आईला हे काम मिळालं होतं नवऱ्याकडून. नवरा मात्र कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हतं.

ही हकिकत मला तिनं एकदम सांगितली नाही. चहाच्या कपासोबत, दर उन्हाळ्यात थोडी थोडी सांगितली. तिचा बाप नत्थू भंवरगडच्या राजाच्या नागपुरातल्या बंगल्यावर ताटीवाला होता. तेव्हा कूलर कुठले? दारं-खिडक्यांना वाळ्याचे मोठे पडदे लावायचे आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी मारत बसायचं, एवढंच काम. ऊन चढलं की राजा सगळा लवाजमा घेऊन सातपुड्यातल्या आपल्या ठंडी कोठीत जायचा. नत्थूही सोबत जायचा आणि मृगाला परत यायचा. एका वर्षी गेला तो आलाच नाही.

"मी तवा दुधाचे दात पाडून राहिली होती," गोपिकाबाई म्हणायची. "बाबा येईन तवा दाखवीन म्हणून एक दात ठिवला होता डबीत. आईनं मंग फेकून देला."

वाट पाहून पाहून हिवाळ्यात आई बंगल्यावर विचारायला गेली, तर बंगल्याला कुलूप. राजाही त्याच सुमारास वारला होता, मुलांचे कोर्टकज्जे सुरू झाले होते. कोणी म्हणालं नत्थू पळाला, कोणी म्हणालं वाघानं नेला. डोंगरात जाऊन बघ, असंही एक-दोघांनी सुचवलं. आई ठसक्याची होती. "जो गेला त्यानं यावं. म्या काहून जाऊ?" एवढं बोलून तिनं नवऱ्याची हत्यारं उचलली आणि दारोदार ताट्या भरायला निघाली. मरेपर्यंत तिनं कुंकू पुसलं नाही आणि नवऱ्याचं नावही काढलं नाही.

आई गेल्यावर मात्र गोपिकाबाईपुढे पेच उभा राहिला. अक्षय तृतीयेला, तिच्या भाषेत आखाजीला, घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. भर उन्हात पितरांना पाणी मिळावं म्हणून. ज्याची घागर भरली नाही तो तिकडे तहानलेला राहतो असं मानतात. मग त्या माणसाच्या नावानं पाटावर कोणाला तरी बसवून जेवू घालतात. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडया. आईची घागर ती भरायचीच. बापाचं काय?

"मेला असन तर तहानलेला हाय तो. जिता असन अन् म्या घागर भरली, तर म्या आपल्या हातानं मारलं त्याले. सांगा यमुताई, काय करू?"

"अगं, आता कुठला जिवंत? शंभरी गाठली असती त्यानं."

"तुम्ही पाह्यलं काय मेलेलं? मंग गप बसा."

आखाजी आली की तिचा चेहरा बघवत नसे. एक घागर भरायची आणि दुसरी कोरी आणून ठेवायची, संध्याकाळी तशीच उचलून ठेवायची. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ती. म्हातारपणी तिला एकच घोर लागला होता, बापाला पाणी द्यावं की नाही.

यंदा एप्रिलमध्ये ती माझ्या खिडकीशी ताटी ठोकून राहिली होती आणि मी फोनवर मेघाशी भांडत होते. मेघा आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष, म्हणजे सगळं मी करायचं आणि फोटोत मध्ये तिनं उभं राहायचं. मंडळाची सहल ठरत होती. "अगं, भंवरगडची ठंडी कोठी," मी म्हणाले. "इतकी वर्षं बंद होती. राजाच्या पणतवंडांनी आता बघायला उघडली आहे म्हणे."

ठोकाठोकी थांबली. गोपिकाबाईनं तोंडातले खिळे काढून हातात घेतले. "उघडली?"

मी हो म्हणाले.

"गाडीत जागा हाय काय?"

ऐन सीझनमध्ये या बाईनं कधी नातवाच्या बारशालाही दांडी मारली नव्हती. मी म्हटलं, "गाडी नेमकी आखाजीच्या दिवशी मिळाली आहे. तुझी घागर?"

"सकाळी उजाडताच भरीन आईची. तुम्ही फक्त खिडकीची सीट ठिवा."

ठेवली. मेघा कुरकुरली, मंडळाच्या सभासद नसलेल्या बाईला कसं न्यायचं म्हणे. मी म्हटलं, तुझ्या घरच्या ताट्या कोण बदलतं गं?

आखाजीला भल्या सकाळी निघालो. बायकांनी कळमेश्वर येईपर्यंत भजनं म्हटली आणि तिथून पुढे चिवडा काढला. काटोलला संत्र्याच्या बगिच्यांमधून गाडी जात होती तेव्हा गोपिकाबाई पहिल्यांदा बोलली. "इथं माह्या मामाचं घर होतं. हैज्याची साथ आली तवा आई मले घेऊन इथं आली होती. बाबा वर गेला होता तेच साल." एवढं बोलून ती परत बाहेर बघायला लागली. मी फारसं लक्ष दिलं नाही, खोटं कशाला बोलू.

घाट चढलो तशी हवा बदलली. वर सागाच्या रानात एकदम मोकळं पठार लागलं आणि त्यावर ती कोठी. राजवाडा म्हणून मनात जे येतं तसं काही नव्हतं. लांबट दगडी इमारत, उतरती छपरं, धुराडी आणि चारी बाजूंनी रुंद व्हरांडा. एखाद्या गोऱ्या साहेबाचा बंगला ओढून ताणून मोठा केला असावा तसं. चाव्यांचा जुडगा कमरेला लावलेली एक बाई पायरीवर उभी होती. साठी ओलांडलेली, काटक, जाड भिंगाचा चष्मा. "मी जिजाबाई," तिनं सांगितलं. "इथंच पैदा झाली. सगळं मीच दाखवते. चपला बाहेर काढा, अन् फोटो काढायचे तितके काढा."

बाई बोलायला खमंग होती. अर्धी मराठी, अर्धी हिंदी. कोठी बांधणारा बडा राजा म्हणे तापट. उन्हाळ्यात सगळे साहेब लोक पचमढीला जात, म्हणून हाही एकदा तिथे गेला. तिथे कोण्या साहेबानं त्याला भेटीसाठी फाटकावर ताटकळत ठेवलं. राजा तिथूनच उलटा फिरला आणि म्हणाला, मला माझा डोंगर पाहिजे. मग हत्तींवरून दगड चढले. कलकत्त्याहून मागवलेली रंगीत तावदानं घाटात फुटली. जी वाचली तेवढीच दिवाणखान्याच्या एका खिडकीला बसवली, एक निळं, दोन लाल, बाकी साधी.

"दर साल चैत्रात सगळा भंवरगड इथं यायचा," जिजाबाई सांगत होती. "राजा, रानी, पुजारी, खानसामे, दुभत्या गायी, पिंजऱ्यातले पोपट. अडीच महिने कोठी जागायची आणि साडेनऊ महिने झोपायची."

राणीचं शयनघर तिनं शेवटी उघडलं. चारही खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. ताज्या, ओल्या. त्या खोलीत इतकी थंडी होती की मेघानं शाल ओढली.

"इथे ताट्या कशाला गं?" मी विचारलं. "इथे तर अशीच हवा गार आहे."

जिजाबाई हसली. "रानीसाहेब नागपुरात वाढलेल्या. वाळ्याच्या वासाबिगर झोपच ये नाही त्याईले. दुपारी थंडीनं कुडकुडत, दोन रजया घेत, पन ताटी ओली पाहिजे. म्हणून खास ताटीवाला सोबत यायचा. तो माहा बाप."

मी गोपिकाबाईकडे बघितलं. ती ताटीच्या चौकटीवरून हात फिरवत होती, जशी माझ्या कूलरवर फिरवते, कुठे पोकळ राहिलंय का ते बघायला.

राजा शेवटचा खाली उतरला तेव्हा ताटीवाल्याला चौकीदार करून मागे ठेवून गेला म्हणे. पुढच्या उन्हाळ्यात येतो, ताट्या तयार ठेव. तो आलाच नाही, त्या हिवाळ्यातच वारला. त्याच्या मुलांना कोठीची आठवणही राहिली नाही. पण ताटीवाला दर चैत्रात ताट्या भरून लावायचा आणि रिकाम्या पलंगासाठी त्यांच्यावर पाणी मारायचा. पगार कधीच थांबला होता. पाड्यावरची एक बाई पाणी आणून द्यायची, तिच्याशी त्यानं लगीन लावलं. ती जिजाबाईची आई. "बाबा गेला तशी मी लावते," ती म्हणाली. "सवय पडली बाई. आता मालक लोक म्हणतात, लोकाईले आवडते, लावत जा."

मला वाटलं, आता गोपिकाबाई बोलेल. ती मात्र खोल्यांमधून आणि मग कोठीबाहेरही जिजाबाईच्या मागे नुसती चालत राहिली.

मागच्या बाजूला मुदपाकखाना होता, आता तिथेच जिजाबाईचं घर. ओट्यावर गव्हाच्या छोट्या राशी घालून चार लाल घागरी मांडल्या होत्या. तीन मोठ्या, एक इवलीशी. प्रत्येकीत वाळ्याची जुडी आणि वर आंबा.

"आज आखाजी हाय न," जिजाबाई जरा संकोचून म्हणाली. "घरच्याच हायेत. ही बाबाची. ही मायची. ही मोठ्या मायची, म्हंजे बाबाची पहिली बायको. अन् ही लहानी, मोठ्या बहिनीची. त्या दोघी नागपुरात हैज्यात गेल्या. मी काही पाह्यलं नाही त्याईले."

"पोरीचं नाव काय होतं?" गोपिकाबाईनं विचारलं.

"गोपी."

बाप्पा! गोपिकाबाईनं पदर सारखा केला आणि त्या ओट्यासमोर हळूहळू मांडी घालून बसली. "मीच गोपी," ती म्हणाली. "नत्थू ताटीवाल्याची."

जिजाबाईला आधी थट्टा वाटली. ती हसलीसुद्धा. "उजव्या अंगठ्याले नख नव्हतं त्याच्या," गोपिकाबाई म्हणाली. "हातोडी बसली होती. मी त्याच अंगठ्याले धरून चालत होती." मग जिजाबाईही तिथेच बसली आणि चष्मा काढून पदरानं डोळे दाबून राहिली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या वर्षी नागपुरातून वर आलेल्या कोणी सांगितलं, नत्थू, हैज्यानं तुझ्या घराची अख्खी ओळ साफ झाली, घरं उघडी पडली आहेत. नत्थू धावत खाली गेला. घर उघडं, चूल गार, शेजारी कोणी नाही. तो दारातूनच परत फिरला आणि वर येऊन महिनाभर कोणाशी बोलला नाही. पुढच्या आखाजीला त्यानं दोन घागरी भरल्या.

"आम्ही काटोलले होतो!" गोपिकाबाई ओरडली. इतक्या वर्षांत मी तिला चिडलेली हजारदा बघितली, पण हा आवाज वेगळा होता. "मामाच्या घरी! काटोल काय विलायतेत हाय? एक बैलगाडी केली असती तर दुसऱ्या दिवशी आला असता. सासुरवाडी माहीत नव्हती त्याले? विचारलं काहून नाही कोनाले? इतक्या लवकर मानलं काहून त्यानं? माही आई जल्मभर कुंकू लावून बसली, अन् हा तिले पानी पाजून राहिला होता, जितेपनी!"

आमच्या मंडळाच्या बायका दारात खिळल्या होत्या. जिजाबाईनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ती काही मऊ बाई नव्हती.

"तुम्ही तरी आल्या काय?" ती म्हणाली. "रस्ता तर तोच होता न. बाबा इथंच होता. चाळीस साल इथंच होता."

गोपिकाबाईनं मान वळवून बापाच्या घागरीकडे बघितलं. माझ्या मनात आलं, मध्ये पडावं, सांगावं की अगं तुझी आई मानी होती, तू पोर होतीस. पण तिच्या आईचा मान आणि नत्थूची घाई, दोघांचं माप सारखंच होतं. दोघंही दारापर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले. तो राजासुद्धा तसाच की, पचमढीच्या फाटकावरून फिरलेला. त्याच्या रागाची एवढी मोठी कोठी झाली, लोक तिकीट काढून बघायला येतात.

परत जिजाबाईच बोलली. "मले तुहा लय राग ये." तिला 'तुम्ही'चा विसर पडला होता. "आखाजीले मले गोपीच्या पाटावर बसवे तो. गोपीच्या नावानं जेवाले पोरगीच पाहिजे न, अन् घरात पोरगी मीच. माह्यापुढं ताट ठेवून म्हने, जेव गोपी, पोटभर जेव. डोक्यावरून हात फिरवे. बाकीच्या दिवशी मले कधी हात नाही लावला त्यानं. मी रस खात जाओ अन् रडत जाओ. वाटे, ही गोपी मेली म्हणून तिचे एवढे लाड. मी मेली तर मले भेटन काय?"

गोपिकाबाई हात पुढे करून म्हणाली, "लोटा दे."

लोटा घेऊन ती उठली आणि बापाच्या घागरीत तिनं काठोकाठ पाणी ओतलं. ओघळ गव्हावर आला. "हे माह्याकडून," ती घागरीला म्हणाली. "आईकडून नाही. आईचं आई पाहून घेईन तिकडं, तिच्या तावडीत हायेस तू आता." आणि मग ती रडली. भोकाड पसरून, नाक ओढत, लहान पोरीसारखी रडली, आणि आम्ही सगळ्या तिच्यासोबत रडलो. मेघासुद्धा.

जेवणाची वेळ टळून चालली होती. जिजाबाईनं पाट मांडले. बापाच्या पाटावर आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला बसवलं, दोन्ही आयांच्या पाटांवर मी आणि मेघा बसलो. राहिला कोपऱ्यातला लहानसा पाट. जिजाबाई दरवर्षी स्वतःच त्यावर बसते, अजूनही. यंदा ती उभीच राहिली. तिला कळेना काय करावं. "ही घागर मी उपडी करते," ती म्हणाली. "जित्या माणसाची घागर, देवा, एवढी सालं काय केलं आम्ही."

"राहू दे," गोपिकाबाई म्हणाली आणि त्या लहान पाटावर जाऊन बसली.

"अगं अगं, जिवंत माणूस पितराच्या पाटावर!" मेघा कुजबुजली. "अशुभ असतं. आणि बसलीसच तर बोलू नको हो, पितर बोलत नसतात."

जिजाबाईनं तिच्या पत्रावळीत पोळी वाढली, कुरडई वाढली, रसाची वाटी ठेवली. मग जरा थांबून तिनं गोपिकाबाईच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जेव गोपी. पोटभर जेव."

गोपिकाबाईनं वाटी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली. मग ती पुढे धरून म्हणाली, "अजून वाढ वं. अन् तूही बस. सरकते मी."